चिरागातला जिन्न आणि काळा दोरा

मगरिबच्या वेळी चिंचेखाली उभे राहू नये, अशी ताकीद आमच्या घराघरांतून मुलांना मिळत आली आहे. कारण विचारले की उत्तर एकच : जिन्नात! कुरआनाची 72 वी सूरह जिन्नांच्याच नावाची आहे आणि त्यांच्यातही ईमान आणणारे व न आणणारे असतात, असे ती सांगते. म्हणजे जिन्न ही आपल्यासाठी निव्वळ गोष्टीतली चीज नव्हे. तरीही मुंबईच्या चित्रपटाने याच जिन्नाला धुराच्या लोटातून बाहेर काढले, पडदाभर मोठा केला, गडगडाटी हसायला लावले आणि मग एका पोरसवदा अलादिनपुढे हात बांधून ‘आका’चा हुकूम विचारायला उभे केले. आईच्या पदराआड लपलेली मुले पुढच्याच क्षणी खिदळू लागत. हा मेळ कोणी जमवला, हे पाहू गेल्यास मोठी मौज दिसते.

जमशेद आणि होमी हे वाडिया बंधू पारशी. 1933 साली त्यांनी वाडिया मुव्हिटोन काढली आणि तिचा पहिलाच बोलपट ‘लाल-ए-यमन’ हा जादूटोण्याचा, जिन्नाचा होता. त्याचे लेखक जोसेफ डेव्हिड हे बेने इस्रायली. 1931 चा ‘आलम आरा’ही त्यांच्याच नाटकावरून निघालेला. बेने इस्रायली म्हणजे आपले कोकणातले शनवार तेली, घरची भाषा मराठी. यमनच्या शहजाद्याची कथा कोकणच्या यहुद्याने लिहावी आणि पारशाने पडद्यावर आणावी, अशी ही मुंबई होती.

पुढे 1942 मध्ये होमी वाडियांनी बसंत पिक्चर्स सुरू केली. ‘अलादिन और जादुई चिराग’ (1952), ‘अलीबाबा और 40 चोर’ (1954) आणि ‘हातिमताई’ (1956) हे बसंतचे चित्रपट. अशा चमत्कारपटांच्या दुनियेत एक नाव सर्वांत मोठे : सुरतेचे बाबूभाई मिस्त्री. 1937 च्या ‘ख्वाब की दुनिया’त अदृश्य माणसाच्या करामती दाखवताना त्यांनी वस्तू बारीक काळ्या दोऱ्याने हलवल्या. मागे काळा पडदा असला की कॅमेऱ्याला दोरा दिसत नाही, पेला मात्र आपोआप उचललेला दिसतो. तेव्हापासून त्यांचे नावच ‘काला धागा’ पडले. राक्षसी आकाराच्या जिन्नाची युक्तीही अशीच साधी : फिल्मचा एक भाग झाकून चित्रण करायचे, फिल्म मागे गुंडाळायची आणि उरलेल्या भागावर दुसरे पात्र जवळून टिपायचे. आज संगणकावर हे काम घडते. त्या काळी हात थरथरला तर सगळी रीळ वाया जाई.

आणि हा दोरा काही एकट्या बगदादचा नव्हता. ‘अलादिन’ची शहजादी मीनाकुमारी त्याआधी बसंतच्याच ‘श्री गणेश महिमा’ (1950) आणि ‘हनुमान पाताल विजय’ (1951) या पौराणिकपटांत होती. अलादिन आणि अलीबाबा साकारणारे महिपाल 1961 च्या ‘संपूर्ण रामायण’मध्ये राम झाले, आणि त्याचे दिग्दर्शक होते बाबूभाई! उडत्या गालिच्यालाही कसब तेच लागे आणि पुष्पक विमानालाही. प्रेक्षकांनाही यात काही वावगे वाटल्याचे दिसत नाही.

‘हातिमताई’ची गोष्ट तर आणखी वेगळी. रफीसाहेबांच्या आवाजातली त्यातली मुनाजात मुसलमान घरांतून अजून ऐकली जाते. पण खरा हातिम हा तय्य कबिल्याचा कवी, इस्लामच्या आधीचा. त्याची मुलगी कैदेत आली तेव्हा बापाच्या दानशूरपणाचा मान राखून हजरत पैगंबरांनी तिला सन्मानाने सोडले, अशी परंपरा सांगते. पुढे फार्सीत त्याच्या नावावर परी-देवांचे किस्से रचले गेले. 19 व्या शतकाच्या आरंभी फोर्ट विल्यम कॉलेजात हैदरबख्श हैदरींनी ते उर्दूत आणले. अलादिनचेही तसेच. मूळ कथेत तो चीनमधला, आणि ती कथा 1709 मध्ये पॅरिसला गालाँ या फ्रेंच विद्वानाला सांगितली हलबच्या हन्ना दियाब या ख्रिस्ती माणसाने. मराठीत ‘सुरस व चमत्कारिक गोष्टी’ आणल्या त्या कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी. ‘आपल्या’ म्हणून जे सांगतो, ते किती जणांच्या हातून आपल्यापर्यंत आले!

अर्थात, या चित्रपटांना डोक्यावर घेण्याचे कारण नाही. त्यांतला वजीर कपटी, जादूगार दाढीवाला, दरबार नाचगाण्याचा. शेती करणारा, मासे विकणारा, मराठी बोलणारा मुसलमान तिथे शोधून सापडायचा नाही. समीक्षकांनीही त्यांना दुय्यम दर्जाचे म्हणून बाजूला सारले; 1952 म्हटले की मीनाकुमारीचा ‘बैजू बावरा’ आठवतो, ‘अलादिन’ नाही. पण एक गोष्ट मला सोडवत नाही. या पडद्यावर अरबी नाव असलेला तरुण नायक होता आणि सगळ्या जातिधर्मांची पोरे त्याच्या बाजूने टाळ्या वाजवत होती.

1990 साली जितेंद्रला घेऊन ‘हातिमताई’ पुन्हा निघाला. दिग्दर्शक बाबूभाईच होते, वय सत्तरीच्या घरात. दोन वर्षांनी ‘रोजा’ आला, आणि अतिरेक्याची भूमिका हिंदी पडद्यावर मुसलमान पात्राच्या वाट्याला वारंवार येऊ लागली. 1993 मध्ये दूरदर्शनवर सागर मंडळींची ‘अलिफ लैला’ सुरू झाली, तेव्हा जिन्न थिएटरातून निघून दिवाणखान्यात येऊन बसला होता.