झरपटेचे पाणी

चंद्रपूरचा इतिहास सांगावयाचा म्हणजे गोंड राजांच्या वंशावळीपासून आरंभ करण्याचा प्रघात आहे. मेजर ल्युसी स्मिथने १८६९ च्या जमाबंदी अहवालात ती नोंदवून ठेवली आणि पुढच्यांनी तीच उतरवून घेतली. आमचे शिक्षण शाळेपेक्षा युनियनच्या कचेरीतच अधिक झाले. तेव्हा वंशावळ विद्वानांकडे सोपवून आम्ही एका ओढ्यापासून सुरुवात करतो. गावाच्या पूर्वेकडून वाहणारी झरपट हाच तो ओढा.

दंतकथा आपणांस ठाऊकच आहे. खांडक्या बल्लाळशहाच्या अंगभर गळवे होती. शिकारीत तहानलेला राजा झरपटेच्या कोरड्या पात्रात आला, एका खळग्यातले पाणी प्याला, तोंड धुतले आणि त्या रात्री कित्येक दिवसांनी शांत झोपला. राणी चतुर. दुसऱ्या दिवशी तिने त्याच खळग्यात त्याला स्नान घालविले आणि व्याधी गेली. तेथे अंचलेश्वराचे देऊळ झाले. पुढे ससा कुत्र्यामागे लागला व त्याच्या धावेवर परकोट आखला गेला. ही सशाची गोष्ट मात्र अहमदाबादचे लोकही सांगतात, विजयनगरचेही सांगत. म्हणून ससा आम्ही फारसा मनावर घेत नाही. पाण्याची गोष्ट तेवढी खास इथली आहे.

परकोट सुमारे अकरा किलोमीटरांचा. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा व अंचलेश्वर असे चार दरवाजे, आणि बगड, हनुमान, विठोबा, चोर व मसण अशा पाच खिडक्या. मसण खिडकीतून कोणाची वाट जात असे, हे नावच सांगते. दरवाजांवर हत्तींना लोळविणारा सिंह कोरला आहे. तो राजचिन्ह म्हणून सर्वांना ठाऊक. कोणी कोरला ते कोणालाच ठाऊक नाही. लालपेठेतही तेच. रायप्पा वैश्याने घडवून घेतलेल्या अजस्र मूर्ती तेथे उघड्यावर आहेत. घडविणाऱ्याचे नाव राहिले, पाथरवटांचे गेले. मजुरीचा हिशेब इतिहासात क्वचितच सापडतो.

भोसल्यांनी १७५१ त चांदा घेतले, इंग्रजांनी १८१८ त तोफांनी तट फोडला, १९६४ त चांद्याचे चंद्रपूर झाले. राज्ये बदलली, पण चैत्रातली महाकालीची यात्रा चुकली नाही. हे देऊळ अंचलेश्वर दरवाजाच्या बाहेर, झरपटेच्या काठी आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी राणी हिराईने ते बांधविले. पती बीरशहाची समाधीही तिचीच. पण ही यात्रा राजवाड्याने टिकविली नाही. नांदेड, परभणी, हिंगोलीकडचे आणि तेलंगणातले लोक येतात. त्यांत शेतमजूर पुष्कळ. चैत्रात सुगी आटोपलेली, हाताला काम नाही, तेव्हाच गरिबाला देवाकडे जाण्यास सवड मिळते. पूर्वी बैलगाड्या येत, पुढे ट्रक व आगगाडी आली. पोतराज येतात, हलगी वाजते, बायका रात्रभर देवीची गाणी म्हणतात. आमच्या खाणीतले तेलुगू बोलणारे सोबतीही पाहुण्यांना घेऊन तिकडे जात, आणि त्या आठवड्यात सभेची तारीख ठरविणारा कार्यकर्ता नवखा समजावा.

यात्रेचा नियम एकच: आधी झरपटेत स्नान, मग दर्शन. राणीने राजाला सांगितले तेच हे. त्याला पुजारी लागत नाही, पावती लागत नाही.

आणि नेमके तेच आता कठीण झाले आहे. शहराचे नाले झरपटेत उतरतात, इकॉर्नियाने पात्र झाकते. यात्रा जवळ आली म्हणजे पात्र साफ करण्याची धावपळ होते. काठावर नळ लावावे लागतात. परकोटावरची झुडपे काढण्यास २०१७ पासून इको-प्रोच्या तरुणांनी कित्येक महिने घाम गाळला, त्याचे कौतुक झालेच पाहिजे. दगड वाचविण्याचे सामान्यांनी मनावर घेतले. पण पाण्याला बारमाही वाली लागतो, आणि यात्रेकरू येथले मतदार नाहीत; त्यांचे गाऱ्हाणे नगरसेवकाच्या दारी कोण नेणार?

नळाखाली स्नान उरकलेल्या म्हाताऱ्या आम्ही पाहिल्या आहेत. ओल्या लुगड्यानिशी त्या पुन्हा काठाशी उतरतात, काळ्या पाण्यात दोन बोटे बुडवून कपाळी लावतात, आणि मग रांगेत उभ्या राहतात.