वसईहून जपानला गेलेला दुभाष्या

मागच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं होतं, "परदेशातून मिशनवाले आपल्याकडे आले, शाळा काढल्या, दवाखाने काढले, हे आम्हाला ठाऊक आहे. पण आपल्याकडून कुणी तसं बाहेर गेलं का?" प्रश्न चांगला होता. त्याचं उत्तर आमच्या बोरिवलीपासून फार लांब नाही. भाईंदरची खाडी ओलांडली की वसई लागते. तिथला एक मुलगा साडेचारशे वर्षांपूर्वी जपानला गेला आणि तिथेच त्याने प्राण दिले. त्याचं नाव गोन्सालो गार्सिया. आज त्याचीच गोष्ट सांगतो.

आधी तो काळ समजून घेऊ. 1534 साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि आसपासची बेटं पोर्तुगीजांना दिली. त्यात आपली साष्टीही आली. म्हणजे आज जिथे अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या लोकल धावतात, तो सगळा भाग. सैनिक आले, व्यापारी आले, त्यांच्यामागून धर्मगुरू आले. बोरिवलीतली मंडपेश्वरची लेणी पाहिली असतील तर तिथे ही खूण अजून दिसते. खाली डोंगरात कोरलेलं शंकराचं जुनं लेणं, आणि वर पोर्तुगीज काळातल्या मठाच्या पडक्या भिंती. फ्रान्सिस्कन संघाच्या साधूंनी लेण्याचंच चर्च केलं होतं. देवळाचं चर्च झालं तेव्हा गावातल्या माणसांना काय वाटलं असेल, ते आपण समजू शकतो. हे झाकून ठेवून पुढची गोष्ट सांगणं बरोबर नाही. त्या काळी धर्म आणि राज्य एकाच गलबतातून आले, हे खरंच आहे.

अशा वसईत 1556-57 च्या सुमारास गोन्सालो जन्मला. वडील पोर्तुगीज शिपाई, आई इथलीच. चरित्रांमध्ये आईची ओळख एवढीच येते, इथली स्त्री. पण मूल लहानाचं मोठं कुणाच्या कुशीत होतं, ते आपल्याला सांगायला नको. किल्ल्यात येशूसंघाच्या म्हणजे जेझुइट धर्मगुरूंची शाळा होती, तिथे तो शिकला. पंधराएक वर्षांचा असताना, 1572 च्या सुमाराला, धर्मगुरूंबरोबर तो जपानला निघाला.

ते जाणं म्हणजे काय होतं? शिडाची जहाजं वाऱ्यावर चालत. आपण शेतकरी बायका पावसाच्या वाऱ्याची वाट पाहतो, तशीच तेव्हा खलाशीही पाहत. गोव्याहून जहाज निघे ते मलाक्क्याला जाई, तिथून चीनच्या किनाऱ्यावरच्या मकावला. तिथे पुढच्या वाऱ्याची वाट पाहत महिनोन्महिने थांबायचं, मग जपानचं नागासाकी बंदर. चीनचं रेशीम जपानला जाई आणि जपानची चांदी बाहेर येई. त्याच जहाजांवर धर्मगुरूही जात. एकदा गेलेला मुलगा कधी परत येईल, येईल की नाही, हे आईला कुणी सांगू शकत नसे.

जपानमध्ये गोन्सालो आठेक वर्षं राहिला. धर्मगुरूंच्या हाताखाली तो लोकांना धर्मशिक्षण देई. त्याने सगळ्यात मोठी कमाई केली ती भाषेची. जपानी भाषा तो तिथल्या माणसासारखी बोलायला शिकला. बाजारात, घरात, आजाऱ्याच्या उशाशी बसून भाषा शिकली जाते, तशी ती शिकला. आपल्यालाही येशूसंघात घ्यावं अशी त्याची फार इच्छा होती. ती काही पुरी झाली नाही. त्या काळी इथल्या रक्ताच्या मुलांना धर्मसंघात घेताना हात आखडता घेतला जाई. काम करायला चालतो, पण बरोबरीने बसायला चालत नाही. मैत्रिणींनो, हा अनुभव आपल्यातल्या कुणाला नवा आहे का?

मग त्याने ते काम सोडलं आणि व्यापार सुरू केला. भाषा येत होती, ओळखी होत्या, धंदा चांगला चालला. पण मन रमलं नाही. व्यापाराच्या निमित्ताने तो फिलिपिन्समधल्या मनिलाला जाई. तिथे त्याची फ्रान्सिस्कन साधूंशी ओळख झाली. तो सगळं सोडून त्यांच्या संघात गेला. तिथेही तो पाद्री झाला नाही, ब्रदर झाला, म्हणजे मठातली कामं करणारा, सेवा करणारा साधू.

पुढे 1593 साल आलं. जपानची सत्ता तेव्हा टोयोटोमी हिदेयोशी या सरदाराच्या हाती होती. त्याने कोरियावर फौजा पाठवल्या होत्या, आणि फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरलाही शरण यायला सांगितलं होतं. उत्तर घेऊन जायला वकील हवा होता. पेद्रो बाप्तिस्ता नावाच्या फ्रान्सिस्कन धर्मगुरूला पाठवायचं ठरलं. पण त्याला जपानी कुठे येत होती? बरोबर दुभाष्या म्हणून वसईचा गोन्सालो गेला. विचार करा, एका बाजूला जपानचा सर्वसत्ताधीश, दुसऱ्या बाजूला स्पेनच्या राजाचा वकील, आणि मधे आपला वसईचा माणूस. एक शब्द इकडचा तिकडे झाला असता तर भांडण पेटलं असतं. हिदेयोशीने त्यांना राहायची परवानगी दिली. क्योटो शहरात त्यांनी चर्च आणि मठ बांधला, आणि कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय काढलं.

कुष्ठरोग म्हटलं की आपल्याकडे काय होई, ते आपल्या आजीच्या पिढीने पाहिलं आहे. जपानमध्येही तेच होतं. घरच्यांनी टाकलेली माणसं रस्त्यावर येत. त्यांच्या जखमा धुणं, त्यांना अन्न भरवणं, त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलणं, हे काम हे साधू करत होते. धर्म कुणी कुठला मानावा यावर माणसं भांडतील, पण जखम धुणाऱ्या हाताशी कोण भांडणार?

तरीही भांडण आलं, आणि ते समजून घेण्यासारखं आहे. हिदेयोशीने 1587 सालीच परदेशी धर्मगुरूंनी देश सोडावा असा हुकूम काढला होता, पण तो कडकपणे राबवला नव्हता. 1596 मध्ये सान फेलिपे नावाचं स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या किनाऱ्याला लागलं. त्यावरच्या मालावरून वाद झाला. धर्मगुरू आधी येतात आणि मागून राजाची फौज येते, असा संशय हिदेयोशीच्या मनात पक्का झाला. संशय अगदीच हवेतला नव्हता. फिलिपिन्समध्ये काय झालं ते जपानला दिसत होतं, आणि वसईत काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. पण त्या संशयाची किंमत मोजली ती तोफा घेऊन फिरणाऱ्यांनी नाही, रुग्णालय चालवणाऱ्यांनी.

क्योटो आणि ओसाकात चोवीस जणांना धरलं. प्रत्येकाच्या डाव्या कानाची पाळी कापली आणि शहरातून धिंड काढली. मग ऐन थंडीत त्यांना शेकडो मैल नागासाकीला चालवत नेलं. जवळजवळ महिना लागला. वाटेत त्यांची सेवा करणाऱ्या दोघांनाही धरलं, म्हणून सव्वीस झाले. त्यांत चार स्पॅनिश, एक मेक्सिकोचा, एक आपला वसईचा, आणि बाकीचे वीस जण तिथलेच. तीन तर अजून मिसरूड न फुटलेले मुलगे. सगळ्यांत धाकटा लुदोविको बारा वर्षांचा. टोमास नावाच्या मुलाने वाटेत आईला पत्र लिहिलं. काळजी करू नको, धाकट्या भावांना नीट सांभाळ, असं त्यात होतं. पत्र द्यायचं होतं आईला, पण ते सापडलं त्याच्या बापाच्या अंगावर. बापही त्याच सव्वीसांत होता.

5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीसही जणांना क्रुसावर बांधलं आणि भाल्यांनी मारलं. गोन्सालो तेव्हा चाळिशीचा होता. आयुष्याची मोठी वर्षं त्याने घराबाहेर, समुद्रापलीकडे काढली होती.

पुढे 1614 साली जपानने ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी घातली. धर्मगुरू मारले गेले किंवा हाकलले गेले. आता सगळं संपलं असं जगाला वाटलं. 1862 साली रोममध्ये पोपनी या सव्वीस जणांना संत म्हणून जाहीर केलं. भारतात जन्मलेला पहिला संत म्हणून गोन्सालोचं नाव तेव्हा नोंदलं गेलं. त्यानंतर केरळच्या अल्फोन्सा संत झाल्या त्या 2008 साली, म्हणजे 146 वर्षांनी.

नागासाकीत परदेशी लोकांसाठी ओउरा इथे एक चर्च बांधलं गेलं, ते याच सव्वीस जणांच्या नावाने. 17 मार्च 1865 रोजी जवळच्या उराकामी गावची काही माणसं तिथे आली. त्यांतली एक बाई पुढे झाली आणि फ्रेंच धर्मगुरूंना हळू आवाजात म्हणाली की आमचं आणि तुमचं मन एकच आहे. मरियामातेची मूर्ती कुठे आहे, असं तिने विचारलं. दोनशेहून जास्त वर्षं त्यांच्यात एकही धर्मगुरू नव्हता. चर्च नव्हतं. घराघरांत, तोंडातोंडी, बायकापुरुषांनी प्रार्थना जपल्या होत्या. पकडलं गेलं तर मरण होतं. तरी आजीने नातीला सांगितलं, नातीने तिच्या लेकीला. ही बंदी 1873 साली उठली.

आमच्या मनात ही गोष्ट राहिली ती दोन कारणांसाठी. एक, परक्या मुलखात जाऊन सेवा करायची तर आधी तिथली भाषा शिकावी लागते. आज वसईच्या आणि आपल्या उपनगरांतल्या किती मुली नर्स म्हणून, सिस्टर म्हणून परदेशी जातात. त्यांनाही हेच करावं लागतं. आणि दुसरं, सेवा करणाऱ्याच्या पाठीमागे कोण उभं आहे हे लोक पाहतात. मागे सत्ता उभी असेल, तर चांगल्या हातावरही संशय येतो. हे सरकारी योजनेला लागू आहे, संस्थेला आहे आणि आपल्या बचत गटालाही आहे.

वसईजवळच्या गास गावातलं चर्च आज गोन्सालोच्या नावाने उभं आहे. कधी सवड झाली तर गटाची सहल काढा. आधी बोरिवलीत उतरून मंडपेश्वर पाहा, मग लोकलने वसई रोड गाठून किल्ल्यात जा. दोन्ही जागा एकाच दिवशी पाहिल्या की गोष्टीच्या दोन्ही बाजू डोळ्यांसमोर येतील. आणि पुढच्या बैठकीत एकमेकींना विचारा, आपल्या घरातून लांब गेलेल्या कुणाची गोष्ट आपण अजून लिहून ठेवलेली नाही? ती सांगा. आम्ही ऐकायला बसलो आहोत.