काखेतली पहारेकरी गाठ

स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर आमच्या गटातल्या एका ताईंचा हात सुजला. बांगडी चढेना, भाकरी थापवेना. असं का होतं, हे विचारता विचारता आम्हाला हा इतिहास कळला.

अमेरिकेच्या डॉ. हॉलस्टेड यांनी १८९४ साली स्तनासोबत छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी काढायची पद्धत मांडली. ती कित्येक दशकं चालली. गाठी गेल्या की हातातलं पाणी नीट वाहत नाही, म्हणून सूज येते.

कॅन्सर पसरलाच, तर काखेत आधी एक-दोन गाठींतच पोचतो. त्या पहारेकरी गाठी. १९९३ मध्ये डॉ. क्रॅग यांनी त्या किरणोत्सारी औषध टोचून यंत्राने शोधल्या, १९९४ मध्ये डॉ. जुलियानो यांनी निळ्या रंगाने. पहारेकरी स्वच्छ निघाली, तर बाकीच्या राहू द्यायच्या. इटलीत मिलानला डॉ. व्हेरोनेसी यांनी ५१६ बायकांवर अभ्यास केला. २००३ साली निष्कर्ष आला: अशा बायकांचा हात कमी दुखतो, जास्त मोकळा हलतो.

ताईंनी आधी विचारलं नव्हतं. विचारता येतं, हेच आम्हा कुणाला ठाऊक नव्हतं. आता विचारूया: "डॉक्टर, माझी पहारेकरी गाठ आधी तपासता येईल का?"