नमाज पढवायला गेलेला विद्यार्थी

समर स्कूलसाठी परदेशी निघालेल्या मुलामुलींच्या घरी काय गडबड असते ते आपण पाहतोच. व्हिसा, विमा, लोणच्याची बरणी, तिकडे हलाल मटण कुठे मिळते याची चौकशी. शिवाय वडीलधाऱ्यांच्या मनातला प्रश्न असतोच: पोरं दीन तर विसरणार नाहीत? हा प्रश्न नवा नाही. १८२६ साली इजिप्तचा शासक मुहम्मद अली याने चाळीसहून अधिक विद्यार्थी पॅरिसला धाडले, तेव्हा त्यांच्याबरोबर इमामही दिले. खर्च सरकारचा, आणि काळजीही सरकारची!

मुहम्मद अलीला युरोपच्या तोडीची फौज, कारखाने आणि इस्पितळे हवी होती. विद्यार्थी बहुतेक दरबारी, तुर्की बोलणाऱ्या घराण्यांतले. इमामांपैकी एक होते रिफाआ अल-तहतावी. वय पंचवीसच्या आसपास, वरच्या इजिप्तमधल्या तहता गावचे, अल-अजहरमध्ये शिकलेले, घरची गरिबी. त्यांना शिकायला पाठवलेच नव्हते. नमाज पढवायची आणि पोरांवर लक्ष ठेवायचे, एवढेच काम.

ही नेमणूक त्यांचे उस्ताद हसन अल-अत्तार यांच्या शिफारशीने झाली. नेपोलियनने इजिप्त व्यापला तेव्हा अत्तार फ्रेंच विद्वानांमध्ये ऊठबस करीत आणि त्यांची पुस्तके-उपकरणे पाहत. शागीर्द निघाला तेव्हा त्यांनी सांगितले की जे जे पाहशील ते लिहून ठेव, लोकांच्या उपयोगी पडेल. माझ्या मते त्या जहाजावरची खरी तयारी एवढीच होती. फ्रेंच कुणाला फारशी येत नव्हती; तहतावींनी ती बाराखडीपासून शिकायला घेतली.

मार्सेयला उतरल्यावर सगळ्यांना क्वारंटाइनमध्ये ठेवले. तिथे बसायला खुर्च्या आल्या, कारण फ्रेंचांना जमिनीवर बसणे विचित्र वाटे. मग प्रत्येकापुढे वेगळी बशी, काटा, सुरी. तहतावींनी हे सारे लिहिले आहे. एका कॉफीघरात त्यांना वाटले, आत केवढी गर्दी आहे! पुढे गेल्यावर कळले, भिंतीभर आरसे आहेत आणि गर्दीत आपणच आहोत. स्वतःची अशी फजिती मोकळेपणाने लिहिणारा मौलवी मला फार आवडतो.

पॅरिसमध्ये पहिले जवळजवळ वर्षभर सारे एकाच घरात राहिले. परिणाम ठरलेला: आपसात आपलीच भाषा, फ्रेंच जिथल्या तिथे. मग त्यांना वेगवेगळ्या फ्रेंच घरांत आणि शाळांत वाटून दिले, तेव्हा कुठे जीभ वळली. (आज एका फ्लॅटमध्ये चौघे मुंबईकर राहतात, रात्री डाळभात आणि दखनीत गप्पा. त्यात वाईट काही नाही, पण इंग्रजी किंवा जर्मन तिथे येणार कशी?)

तहतावींनी स्वतःच्या भत्त्यातून पुस्तके घेतली, शिकवणी लावली. रात्री वाचून वाचून डोळा कमजोर झाला, डॉक्टरांनी मना केले, तरी वाचन सुटले नाही. माँतेस्क्यू आणि रूसो वाचले, फ्रान्सच्या राज्यघटनेचा अरबीत तर्जुमा केला. १८३० च्या जुलैमध्ये राजाविरुद्ध पॅरिस उठले, तेही त्यांनी जवळून पाहिले आणि लिहिले. त्यांनी फ्रेंचांची स्वच्छता, इल्मची ओढ आणि कायद्याचा मान यांचे कौतुक केले. दीनच्या बाबतीत ते अकलेवर फार विसंबतात, असा ठपकाही ठेवला. दोन्ही गोष्टी त्यांच्या एकाच पुस्तकात आहेत, आणि एकीसाठी दुसरी लपवलेली नाही. इमाम शेवटपर्यंत इमामच राहिला. घरच्यांची भीती खोटी ठरली. पण ज्याला राखणदार म्हणून पाठवले तोच त्या तुकडीतला सर्वांत नावाजलेला विद्यार्थी ठरेल, हे मुहम्मद अलीच्या हिशोबात कुठेच नव्हते.

१८३१ ला ते परतले. १८३४ ला प्रवासाचे पुस्तक छापले गेले आणि पुढे तुर्कीतही आले. काहिरात १८३५ ला भाषांची शाळा निघाली, तिचे ते प्रमुख झाले आणि तिथून तर्जुमेकारांची एक पिढी तयार झाली. नंतरचा शासक अब्बास याने ती शाळा मोडली आणि तहतावींना १८५० ला सुदानात, खार्तूमला पाठवले. सन्मानाचे नाव दिले तरी ती हद्दपारीच. तिथेही त्यांनी एका फ्रेंच कादंबरीचा तर्जुमा हातावेगळा केला.

१८२६ च्या त्या जहाजावर शिकायला निघालेली एकही मुलगी नव्हती. १८७३ ला तहतावी वारले. त्याच सुमारास त्यांचे एक पुस्तक छापून आले होते, मुलांबरोबर मुलींनाही शिकवले पाहिजे असे सांगणारे.