वसईच्या वाडींतील संथ जीवन

शहरांतील धांवपळीस कंटाळलेल्या मनुष्यास वाडीवस्तीवरील संथ जीवनाची ओढ लागते, ही आधुनिक काळांतील गोष्ट आहे असें पुष्कळांस वाटतें. वसईचा इतिहास मात्र वेगळी साक्ष देतो. १५३४ सालीं गुजरातच्या बहादूरशहानें वसई पोर्तुगीजांस दिली आणि तेथें तटबंदीच्या आंत एक वैभवशाली नगर उभें राहिलें. १६९५ सालीं जेमेली कारेरी हा इटालियन प्रवासी तेथें आला. नगराबाहेर मैलोगणती पसरलेल्या बागा, त्यांतील माड, ऊस व फळझाडें, आणि यंत्रांनीं पाणी देऊन सदैव राखलेली हिरवळ यांचें वर्णन त्यानें मोठ्या आवडीनें केलें आहे. कडक उन्हाळ्यांत, किंवा नगरांतील रोगराईपासून दूर जावयाचें झाल्यास, श्रीमंत लोक या बागांतील आपल्या विश्रामगृहांत जाऊन राहत. सुटीच्या दिवशीं अर्नाळ्याच्या किनाऱ्याकडे येणारा आजचा मुंबईकर त्याच जुन्या वाटेनें जात असतो.

१७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं वसई जिंकली. पुढें पोर्तुगीज नगर ओस पडलें, प्रार्थनामंदिरांचीं छपरें ढांसळलीं. परंतु बागाईत मात्र टिकलें. जे विश्रांतीस येत होते ते गेले. जे राबत होते ते राहिले. हिंदु काय आणि ख्रिस्ती काय, सामवेदी, वाडवळ, कुपारी, भंडारी अशा सर्वांनीं ही भूमि हिरवी ठेविली.

या टिकाऊपणाचें मर्म पाण्यांत आहे. समुद्र हांकेवर असतांही येथील विहिरींस गोडें पाणी लागतें, कारण पावसाचें पाणी जमिनींत मुरून खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतें. तें मुरावें म्हणून गांवोगांव बावखलें, म्हणजे लहान तळीं, खणलेलीं असत. बैल वा रेडा रहाट ओढी, पोहरे एकामागून एक रिते होत, आणि पाटानें पाणी केळीच्या व पानवेलीच्या मुळाशीं जाई. रहाट जेवढें देई तेवढेंच पाणी घ्यावयाचें, हा तेथील संथपणाचा खरा अर्थ होता. त्यांत आळसास मुळींच जागा नव्हती. १८६७ सालीं विरारहून मुंबईस लोकल गाडी सुरू झाली. पुढें भाजी, फुलें व दूध घेऊन पहाटेची गाडी गांठणें हाच अनेकांचा नित्यक्रम झाला. राजेळी केळीं पिकवून, सोलून, दिवसचे दिवस उन्हांत वाळवून सुकेळी करावयाची आणि निर्मळच्या जत्रेंत विकावयाची, यांतही धीर होता तितकेच कष्ट होते.

विसाव्या शतकांत विजेचा पंप आला आणि रहाट थांबला. पंपास थकवा ठाऊक नाहीं. त्यांतच वाढत्या वसाहतींसाठीं विहिरींचें पाणी टँकरनें विकलें जाऊं लागलें. जेथें गोड्या पाण्याचा असा बेसुमार उपसा होतो, तेथें खारें पाणी आंत सरकतें. १९९० सालीं या भागाचें नियोजन सिडकोकडे गेलें. हरित वसई संरक्षण समितीनें फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखालीं जो लढा दिला, तो या हिरवळीसाठीं व पाण्यासाठींच होता. तरीही नगर वाढत राहिलें. २००९ सालीं वसई-विरार महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या जनगणनेंत तिची लोकसंख्या बारा लाखांवर गेली. अनेक बावखलें बुजविलीं गेलीं.

बागेंतील घर आजही भाड्यानें मिळतें; माडाखालीं झोंपाळा टांगतां येतो, आणि केळीच्या पानावर जेवणही वाढलें जातें. त्यांत वाईट कांहींच नाहीं. पण कारेरीनें पाहिलेली हिरवळ पाहुण्यांच्या हौसेवर नव्हे, तर पाणी देणाऱ्या हातांवर उभी होती. ज्यास वाडीचें सुख हवें आहे, त्यानें झोंपाळ्यापूर्वीं बावखलाची चौकशी करावी. तें भरलेलें असेल तरच ती वाडी खरी. एरवीं तें वाडीचें नुसतें चित्र.