मेराच्या वाटेवरचा पेशखाना

तंबूतला ट्रेक केलेल्या माणसाला एक गोष्ट रोज दिसते आणि दोन-तीन दिवसांनी तिचं नवल वाटेनासं होतं. पहाटे तंबूच्या दाराशी कोणीतरी चहा घेऊन उभं राहतं, मागोमाग तोंड धुवायला गरम पाणी येतं. न्याहारी उरकून मंडळी चालू लागतात तेव्हा मागे तंबू उभेच असतात आणि स्वयंपाकी भांडी घासत बसलेला असतो. तास-दीड तासाने तोच स्वयंपाकी, पाठीवरच्या टोपलीत स्टोव्ह आणि पातेली कोंबून, वाट मागत झपाझप पुढे निघून जातो. दुपारी नदीकाठी पोचावं तर डाळभात तयार. जेवण झालं की पुन्हा तोच खेळ. संध्याकाळी मुक्कामावर सकाळचेच तंबू ताणलेले, त्यात सकाळच्याच पिशव्या, आणि पुन्हा चहा. चालणाऱ्याच्या पाठीवर दिवसभर पाण्याची बाटली, रेनकोट आणि कॅमेरा, एवढंच ओझं.

ही व्यवस्था वजा केली, तर गिर्यारोहणाचा एकही कोर्स न केलेली माणसं नेपाळातल्या ६,४७६ मीटर उंचीच्या मेरा शिखरावर पोचणं अवघड होतं. मेरावर कड्याची चढाई नाही. हिमनदीवरून दोराला बांधून घेऊन चालायचं, बुटांना क्रॅम्पॉन लावायचे आणि शेवटच्या तीव्र उतारावर आधीच लावलेला दोर धरायचा. खरा प्रश्न विरळ हवेचा आणि अंगातल्या त्राणाचा. ते त्राण सामान वाहण्यात, चूल पेटवण्यात आणि तंबूचे खुंटे ठोकण्यात खर्च झालं नाही, तर साधा चालणारा माणूसही वर जाऊ शकतो. म्हणून कुळकथा लिहायची ती दोराची किंवा कुऱ्हाडीची नाही, या मागून पुढे जाणाऱ्या स्वयंपाकघराची.

सर्वमान्य कथा छोटी आहे. जिमी रॉबर्ट्स या निवृत्त गुरखा अधिकाऱ्याने १९६४ साली काठमांडूत ‘माउंटन ट्रॅव्हल’ नावाची कंपनी काढली, अमेरिकेतल्या एका मासिकात जाहिरात दिली, आणि १९६५ मध्ये तीन अमेरिकन बायका एव्हरेस्टच्या दिशेने चालत गेल्या. पैसे देऊन हिमालयात फिरण्याच्या धंद्याचा आरंभ इथून सांगतात. रॉबर्ट्सचा आणि मेराचा संबंध त्याआधीचा. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेचा प्राणवायू मागाहून पोचवण्याचं काम त्याच्याकडे होतं. ते उरकून तो सेन तेनझिंग या शेर्पाबरोबर दक्षिणेकडे वळला आणि २० मे रोजी मेराच्या मधल्या शिखरावर पोचला. १९६३ च्या अमेरिकन एव्हरेस्ट मोहिमेत नऊशेवर हमालांची वाहतूक त्यानेच सांभाळली. धंद्याचा जनक म्हणून त्याचा मान कोणी काढून घेऊ नये.

पण मागच्या तंबूंनी पुढे जाण्याचा हा लपंडाव त्याने शोधलेला नाही. तो तीनशे वर्षं आधी, त्याच हिमालयाच्या पश्चिम टोकाला, एका फ्रेंच डॉक्टरने पाहून लिहून ठेवला आहे.

फ्रांस्वा बर्निए १६६४ च्या डिसेंबरात औरंगजेबाच्या लवाजम्यासोबत दिल्लीहून निघाला, लाहोरमार्गे काश्मीरला. बादशहाकडे तंबूंचे दोन पूर्ण संच आहेत, असं तो सांगतो. एका संचात बादशहा रात्री राहतो तेव्हा दुसरा संच एक मुक्काम पुढे जाऊन उभा राहिलेला असतो. दुसऱ्या दिवशी मागचा संच पुढच्याला ओलांडून पुढे. याचं नाव पेशखाना, म्हणजे आधी पाठवलेलं घर. तो हलवायला साठहून अधिक हत्ती, दोनशे उंट, शंभर खेचरं आणि शंभर हमाल लागत. पुढे भिंबरपाशी डोंगर लागला तसे उंट मागे राहिले आणि माणसांची पाठ सुरू झाली. एकूण हमाल तीसेक हजार असावेत, असा बर्निएचा अंदाज. पीर पंजाल चढताना एक हत्ती बिचकून मागे सरला, त्याने मागच्याला ढकललं, त्याने त्याच्या मागच्याला, आणि जनान्यातल्या बायका पाठीवर असलेले पंधरा हत्ती कोसळले. बायका बहुतेक वाचल्या, हत्ती एकही वाचला नाही.

आता यातून हत्ती आणि जनाना काढून टाका. काय उरतं? डोंगर चढण्याचं कसब नसलेली, पण पैसा आणि सत्ता असलेली माणसं. मुक्कामावर त्यांच्या आधी पोचणारे तंबू. मध्ये वाट्टेल तेवढे हमाल. काश्मीरची ती स्वारी म्हणजे गिर्यारोहणाचं तंत्र नसलेल्या लोकांचा, आयोजित केलेला पर्वतीय ट्रेकच होता. असं म्हणणं कोणाला आगाऊपणाचं वाटेल, पण फरक आकाराचा आहे, रचनेचा नाही.

मधल्या पायऱ्या माहितीतल्याच आहेत. इंग्रजांनी मोगलांकडून दफ्तर आणि जमाबंदी घेतली तशी मुक्कामाची तऱ्हाही घेतली. जिल्ह्याचा साहेब थंडीत महिनोन्महिने दौऱ्यावर असे, आणि ज्याची ऐपत असे तो दोन तंबू बाळगून एक रातोरात पुढे धाडी. पहाटेचा तंबूतला चहा याच दौऱ्यातला, साहेबाची ‘छोटी हाजरी’. सुट्टीत हेच अधिकारी काश्मिरात शिकारीला जात, तेव्हा श्रीनगरचे व्यापारी त्यांना तंबू, खानसामा, शिकारी आणि तट्टू असा सगळा संच भाड्याने देत. १९१६ साली गुजरातेत जन्मलेला आणि १९३० च्या दशकात गुरखा पलटणीत आलेला रॉबर्ट्स याच हवेत वाढला. त्याने धंद्याचा आराखडा कागदावर मांडला असेल तेव्हा डोळ्यांपुढे आल्प्समधलं हॉटेल असण्यापेक्षा साहेबाचा मुक्काम असण्याची शक्यता कितीतरी जास्त.

या वारशाची एक बाजू ट्रेकच्या माहितीपत्रकात येत नाही. साहेबाचं ओझं वाहणं हे बहुतेक डोंगरी गावांना सक्तीचं होतं. कुमाऊंत ‘कुली उतार’ आणि ‘कुली बर्दाईश’ या नावांनी गावकऱ्यांना पाळीपाळीने ओझी वाहावी लागत आणि दौऱ्यावरच्या अंमलदारांना शिधा पुरवावा लागे. १४ जानेवारी १९२१ ला, उत्तरायणीच्या जत्रेत, बद्रीदत्त पांडे यांच्या पुढाकाराने बागेश्वरला जमलेल्या लोकांनी बेगारीची रजिस्टरं शरयूत बुडवली. साहेबाचा पेशखाना बराचसा वेठीवर चालत आला होता. रॉबर्ट्सच्या धंद्यात तो रोजंदारीवर चालला. त्याच्या कामगिरीत हे पहिलं धरायला हवं.

या वंशाची दुसरी शाखा तर मराठी माणसाच्या अंगणातूनच जाते. पेशवे मोहिमेवर निघायचे तेव्हा आधी मुहूर्ताने डेरे बाहेर पडायचे, माणसं मागाहून. ही फौजेची शिस्त एका माणसाने भक्तीच्या कामाला लावली. साताऱ्याजवळच्या आरफळचे हैबतबाबा शिंद्यांच्या पदरी सरदार होते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीची बांधणी केली. अंकलीच्या शितोळे सरदारांकडून घोडे आणि तंबू आले. पालखीपुढचे अश्व, हुकूम देणारा चोपदार, निघण्याचा इशारा देणारा कर्णा, पालखीचा ‘तळ’, दिंड्यांचे ठरलेले क्रम, हे सगळं छावणीचं वाण आहे. आणि आज एखाद्या दिंडीबरोबर चालून पाहावं. सकाळी वारकरी टाळ घेऊन निघतात, मागे राहुट्या उतरवून ट्रकमध्ये पडतात, ट्रक आडरस्त्याने पुढे जातो, आणि संध्याकाळी तळावर राहुट्या उभ्या, चुलीवर आमटी रटरटते आहे. मेराच्या वाटेवरचा शेर्पांचा मुकादमही ‘सरदार’च म्हणवतो, हा योगायोग मानायचा की घराण्याची खूण, हे वाचकाने ठरवावं. या लेखाचं मत उघड आहे.

आल्प्सवाल्यांचा दावा मात्र असा झटकून टाकता येत नाही. त्यांचं म्हणणं असं की पैसे देऊन शिखरावर जाणं युरोपने सुरू केलं, भारताने नव्हे. पुरावा भक्कम आहे. १७८६ मध्ये बाल्मा आणि पाकार आल्प्समधल्या मों ब्लां शिखरावर पोचले. पुढच्याच वर्षी सोस्यूर हा जिनिव्हाचा शास्त्रज्ञ अठरा वाटाडे घेऊन गेला. १८२० मध्ये हामेलच्या मोहिमेत तीन वाटाडे हिमकड्याखाली गेले आणि पुढच्या वर्षी पायथ्याच्या शामोनीत वाटाड्यांची कंपनी उभी राहिली. तिने दर ठरवले, कामाची पाळी ठरवली, आणि मों ब्लांसाठी एका प्रवाशामागे चार वाटाडे अनिवार्य केले. १८५१ मध्ये अल्बर्ट स्मिथ या लंडनच्या विनोदी लेखकाने तिघा विद्यार्थ्यांसह चढाई केली ती म्हणूनच सोळा वाटाड्यांसकट. वर हमाल, साध्या वाइनच्या साठ बाटल्या आणि चाळिसाहून अधिक कोंबड्या. दमलेल्या स्मिथला शेवटी जवळजवळ ओढतच वर नेलं, आणि खाली उतरून त्याने या चढाईचा लंडनमध्ये वर्षानुवर्षं खेळ चालवला. हौशी शिखरवीराचा आद्यपुरुष म्हणून त्याचं नाव घ्यायला हरकत नाही.

पण स्मिथच्या सामानात एक गोष्ट नाही: फिरतं घर. आल्प्समध्ये पायथ्याशी गाव, वर झोपडी किंवा खडकाचा आडोसा, आणि एक-दोन दिवसांत परत. दोर, परवाना आणि शिखरावर नेणारा वाटाड्या आल्प्सने दिला. महिनाभर चालणारा संसार दिला तो पेशखान्याने. मेराच्या चढाईत हे दोन वंश पायथ्याच्या खारे गावाच्या वर एकमेकांना भेटतात. तिथवर मोगल, पुढे शामोनी.

तिसरा दावेदार आफ्रिका. किलीमांजारोवरही हमाल पुढे धावतात आणि सकाळी तंबूत चहा येतो. तिथलं कूळ झांझिबारच्या व्यापारी तांड्यांचं आहे हे मान्य. चहा बहुधा पहिल्या महायुद्धानंतर जर्मनांच्या जागी आलेल्या इंग्रजांनी भारतातून नेला असावा.

पेशखान्याने एक उपकार नकळत केला. मुक्कामाचं अंतर तंबू वाहणाऱ्यांच्या चालीवर ठरायचं, मालकाच्या घाईवर नाही. हा मंद वेगच उंचीवर फुप्फुसांना मानवतो. १९५३ ची मंडळी काठमांडूच्या खोऱ्यातून तेंगबोचेपर्यंत सतरा दिवस चालत गेली. १९६४ मध्ये हिलरीच्या लोकांनी लुक्लाची धावपट्टी तयार केली आणि ते टप्पे एका उड्डाणात गिळले गेले. मग डोकं ठणकणारे, फुप्फुसात पाणी झालेले पर्यटक दिसू लागले. १९७३ मध्ये हिमालयन रेस्क्यू असोसिएशन स्थापन झाली आणि फेरिचेला तिचा दवाखाना आला. आज जाणकार आयोजक मेराच्या कार्यक्रमात मुद्दाम लांबचा वळसा आणि रिकामे दिवस घालतात. पूर्वी तेच काम ओझ्याची मंद चाल फुकट करत होती.

भारतात या रचनेला एक सणसणीत उलटा अवतार मिळाला. यूथ हॉस्टेल्स असोसिएशनच्या सार पाससारख्या ट्रेकमध्ये तंबू हलतच नाहीत. हंगामभर सगळे मुक्काम एकाच जागी उभे असतात आणि त्यांच्यातून रोज एक नवी तुकडी पुढे सरकते. तंबू वाहण्याचा खर्च वाचतो. हिमालय पहिल्यांदा पाहिलेल्या असंख्य मराठी मुलांनी तो याच पद्धतीने, रात्री बोर्नव्हिटा पीत पाहिला. पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गाला पेशखाना परवडला नसता. धर्मशाळा परवडली.

नेपाळने १९७८ साली अठरा शिखरं ‘ट्रेकिंग पीक’ म्हणून खुली केली तेव्हा रॉबर्ट्सचा नमुना रुजलेला होता. पण एव्हरेस्टच्या वाटेवर त्यानंतर लॉज इतके वाढले की तंबू आणि फिरतं स्वयंपाकघर जवळपास दिसेनासं झालं. मेरासाठीही तंबू आता मुख्यतः वरच्या मुक्कामापुरता उरला आहे. टिकला तो शामोनीचा वारसा. १ एप्रिल २०२३ पासून नेपाळने परदेशी ट्रेकरना वाटाड्या सक्तीचा केला. खुंबूच्या पासांग ल्हामू गावपालिकेने मात्र हा नियम आपल्या हद्दीत राबवायला नकार दिला. एव्हरेस्टच्या पायथ्यापर्यंत वाटाड्याविना जाणं अजून शक्य आहे ते त्यामुळे.