तरी आणि वरकस : आपल्या मातीचा इतिहास

महाड-पोलादपुरातला सातबारा हातात घेतलात तर त्यात दोन शब्द भेटतात, ‘तरी’ आणि ‘वरकस’. तरी म्हणजे भाताचं खाचर, वरकस म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन. सध्या बऱ्याच गटांत चर्चा आहे की पडीक वरकसात काय लावायचं. ते ठरवण्याआधी ही जमीन इथवर कशी आली ते ऐका.

आपला काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. चुना, पालाश अशी विरघळणारी द्रव्यं वाहून जातात, लोह मागे राहतं आणि गंजतं, म्हणून माती तांबडी. ती आंबट असते, आणि तिच्यातलं लोह स्फुरदाला धरून ठेवतं. त्यामुळे टाकलेलं खतही पिकाला पुरतं मिळत नाही. उतारावर मातीचा थर पातळ, खाली मुरूम. धुपून आलेली माती सावित्री, गांधारीच्या खोऱ्यात साठली, तिथे ती खोल आणि चिकट झाली.

पण साठलेली माती म्हणजे खाचर नव्हे. बांध घालून, जमीन सपाट करून, पाणी अडवून पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी खाचरं केली. चिखलणी करून पाणी तुंबवलं की काही आठवड्यांत मातीचा आंबटपणा उतरतो आणि लोहाने धरलेला स्फुरद थोडा सुटतो. हे शास्त्र प्रयोगशाळेत कळायच्या कितीतरी आधीपासून आपल्या बाया गुडघाभर चिखलात उभ्या राहून लावणी करत होत्या.

राबाचंही तसंच. कवळ, पातेरा, शेण पसरून रोपाची जागा भाजायची. राखेतून पालाश मिळतो, आंबटपणा कमी होतो, तणाचं बी जळतं, माती भुसभुशीत होते. आंबट मातीवरचा हा अचूक इलाज होता. मात्र त्याची किंमत झाडांनी मोजली, आणि कवळाचे भारे वाहणाऱ्या डोक्यांनी. वरकसात पहिल्या वर्षी नाचणी, मग वरी, मग तीळ किंवा कारळा, आणि नंतर काही वर्षं जमीन पडून. ही विश्रांती आळसाची नव्हती, पातळ माती त्याशिवाय टिकत नाही.

आता हिशेबाचं बोलू. खोतीच्या काळात मातीची प्रत बघून खोताचा वाटा ठरे. भातात अर्धेल म्हणजे निम्मा, वरकसात तिर्धेल म्हणजे तिसरा हिस्सा. खाचरातलं निम्मं भात खोताच्या घरी गेलं की कुळाचं पोट नाचणी-वरीवर चाले. ज्या जमिनीला सरकारदरबारी हलकी म्हटलं, तिनेच घर तगवलं! डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं महाड आपल्याला 1927 च्या चवदार तळ्यामुळे माहीत आहे. त्याच बाबासाहेबांनी 1937 मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं आणि 10 जानेवारी 1938 ला कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत नेला. खोती कायद्याने गेली ती 1949 मध्ये.

कुळाच्या नावावर जमीन आली, पण कागदावर बहुतेक पुरुषाचं नाव लागलं. पुरुष मुंबईला गिरणीत गेला, मागे राहिलेल्या बाईने खाचर सांभाळलं, वरकस मात्र एकटीच्या अंगावर पेलेना. नाचणी मागे पडली. 1990 पासून रोजगार हमीतून फळबाग लागवड सुरू झाली आणि वरकसावर आंबा-काजू चढला. काजूला ही माती मानवते, पाण्याचा निचरा होतो ते त्याला हवंच असतं. पण उतार उघडा करून, जेसीबीने खणून केलेली बाग मला पटत नाही. 22 जुलै 2021 ला महाबळेश्वरला एका दिवसात 594 मिलिमीटर पाऊस झाला, तळियेत ऐंशीहून अधिक माणसं गेली. एवढ्या पावसापुढे कुठला उतार टिकेल ते कुणी सांगू नये. म्हणून तीव्र उतारावरचं गवत-झुडूप राहू द्या, मध्यम उतारावर आडव्या ओळीत काजू, आणि सपाट तुकड्यात लावणीची नाचणी, असं माझं मत आहे.

आणि लावण्याआधी सातबारा वाचा. काजूचं कलम तिसऱ्या-चौथ्या वर्षी धरतं, आंब्याला त्याहून वेळ लागतो. तोवर पाणी घालणार गट, आणि फळाच्या वेळी मुंबईचे हिस्सेदार आले तर? सगळ्या सहहिस्सेदारांची संमती आणि कराराची मुदत लेखी घ्या. माहेरच्या वडिलोपार्जित जमिनीत मुलींना मुलांइतका हक्क राज्यात 1994 ला आणि देशात 2005 ला मिळाला. तेव्हा संमतीच्या यादीत नणंदांची नावं विसरू नका, आणि तुमच्या माहेरच्या यादीत तुमचं.

माती तपासणीसाठी तरीचा आणि वरकसाचा नमुना वेगळा न्या. शेतात आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डा घ्या, कडेची माती तासून एकत्र करा, अर्धा किलो सावलीत वाळवा. राब भाजलेली जागा आणि उकिरड्याची जागा टाळा, तिथल्या राखेने आणि शेणाने आकडा चुकीचा येतो.